मूर्तींवरचा अनुस्वार

‘मूर्तींना’ हा शब्द सहा इंची ई-रीडरवर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, उघडावा आणि डोळे जरा जवळ नेऊन पाहावा. ‘मू’च्या पायाशी दीर्घ उकार, ‘ती’च्या डोक्यावर वेलांटी, वेलांटीच्या माथ्यावर रफार आणि रफाराला खेटून अनुस्वार. नखाएवढ्या जागेत तीन-चार मजले उभे. या यंत्राची कागदासारखी दिसणारी ‘ई-पेपर’ स्क्रीन मराठीसाठी कितपत लायक आहे हे पाहायचं असेल, तर हा एक शब्द पुरेसा आहे.

२००७च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचा पहिला ई-रीडर, किंडल, आला तेव्हा त्याच्या स्क्रीनवर इंचाला १६७ ठिपके होते. दहा पॉइंटाचं अक्षर साधारण साडेतीन मिलिमीटर उंचीची जागा घेतं, म्हणजे उकारापासून रफारापर्यंत सगळ्याला मिळून २३ ठिपके. अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम दोन. रफार आणि अनुस्वार यांच्यातली फट एका ठिपक्यापेक्षाही कमी, त्यामुळे अशा स्क्रीनवर दोन्ही मिळून एक करडा डाग होतो आणि ‘मूर्तींना’चं ‘मूर्तीना’ होतं. इंग्रजी ‘आय’वरचं टिंब पुसट झालं तर वाचणाऱ्याचं काही अडत नाही. मराठीत अनुस्वार गेला की अनेकवचन जातं, आणि ‘सरांनी’चं ‘सरानी’ झालं की आदरही जातो. पुढे २०१४-१५च्या सुमारास इंचाला ३०० ठिपक्यांच्या स्क्रीन आल्या. तेवढ्याच अक्षराला आता ४२ ठिपके मिळतात, अनुस्वाराला चार, आणि फट फट म्हणून दिसते. जुना ई-रीडर स्वस्तात मिळतोय म्हणून मराठी वाचायला घेणाऱ्यांना मी हेच सांगेन: ३००च्या खालचा घेऊ नका.

हा ठिपका उमटतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. तीसपट मोठं दाखवणारं भिंग स्क्रीनवर धरलं की फोनच्या स्क्रीनसारखे लाल-हिरवे-निळे चौकोन दिसत नाहीत. दिसतो तो वाळूसारखा रवाळ पृष्ठभाग, आणि अक्षराची कडा या रव्यांमधून किंचित वेडीवाकडी गेलेली. हे रवे म्हणजे सूक्ष्म कुप्या. एकेक कुपी केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून बारीक. आत पारदर्शक तेल, आणि तेलात तरंगणारे दोन प्रकारचे कण: पांढरे टायटॅनियम डायऑक्साइडचे आणि काळे रंगद्रव्याचे. दोघांवर उलट विद्युतभार. खालच्या थरातून १५ व्होल्टचा धक्का दिला की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो. धक्का उलटा दिला की उलट. ऑइलपेंटच्या पांढऱ्या डब्यात असतो तोच हा पांढरा टायटॅनियम.

अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, बॅरेट कॉमिस्की आणि जे. डी. अल्बर्ट, यांनी नव्वदच्या दशकात हे साधलं. १९९७ साली ई-इंक ही कंपनी निघाली, १९९८मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला. २००९ साली तैवानच्या कंपनीने ती विकत घेतली आणि आज बाजारातल्या बहुतेक सगळ्या ई-रीडरची शाई तिथूनच येते.

या रचनेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे कण एकदा वर आले की तिथेच राहतात. तेल घट्टसर असतं, कण कुपीच्या भिंतीला धरून बसतात, वीज काढून घेतली तरी अक्षर हलत नाही. फोनची स्क्रीन सेकंदाला साठ वेळा तेच चित्र नव्याने रंगवत असते आणि वीज गेली की काळी पडते. ई-पेपर पान उलटतानाच काय ती वीज खातो. बॅटरी पूर्ण मेलेल्या ई-रीडरवरही शेवटचं उमटलेलं चित्र दिसतं. बहुधा ते रिकाम्या बॅटरीचं चिन्हच असतं, कारण जीव जाण्याआधी यंत्राने तेवढं रंगवून ठेवलेलं असतं.

पान उलटताना स्क्रीन क्षणभर काळी होऊन पांढरी होते, ते अनेकांना बिघाड वाटतं. बिघाड नाही. व्होल्टेज तीनच प्रकारचं देता येतं: वर, खाली किंवा शून्य. मधल्या करड्या छटा मिळवायच्या तर धक्का किती वेळ द्यायचा ते मोजावं लागतं. सेकंदाच्या दर ८५व्या हिश्श्याला एक निर्णय, असे चाळीसच्या आसपास निर्णय घेऊन सोळा छटांचं एक पान साधारण अर्ध्या सेकंदात तयार होतं. त्यातही एक पथ्य असतं. एखाद्या कणाला जितकं वर ढकललं तितकंच कालांतराने खालीही ढकलावं लागतं, नाहीतर भार एका बाजूला साचतो, कण इलेक्ट्रोडला चिकटतात आणि स्क्रीन कायमची मळकट होते. काळ्या-पांढऱ्या लखलखाटात हा हिशेब चुकता होत असतो. तो टाळून घाईने पान बदललं की मागच्या पानाची भुतं राहतात. देवनागरीत ती जास्त जाणवतात, कारण शिरोरेषेचा ठसा आडव्या फिकट रेघांसारखा नव्या पानावर राहतो. सेटिंगमध्ये दर पानाला पूर्ण रिफ्रेश करायची सोय असते. किंडलवर ती चालू-बंद करता येते, कोबो या दुसऱ्या ई-रीडरवर किती पानांनी करायचं ते निवडता येतं. मराठी वाचताना ती चालू ठेवावी. बॅटरीचा खर्च थोडा वाढतो, तो वाढू द्यावा.

धक्का किती वेळ द्यायचा हे तापमानावरही ठरतं. थंडीत तेल घट्ट होतं आणि कण सावकाश सरकतात. यंत्रात तापमान मोजायची सोय असते आणि त्याप्रमाणे वेगळं कोष्टक वापरलं जातं, पण शून्याच्या खाली ते कोष्टकही पुरत नाही. टोरांटो किंवा मिनेसोटातल्या मराठी घरांबाहेर हिवाळ्यात रात्रभर गाडीत राहिलेला ई-रीडर सकाळी पुसट, डागाळलेलं पान दाखवतो. तो तसाच दाबत बसू नये. घरात आणून अर्धा तास ठेवावा, मग पान उलटावं.

खरा नाजूकपणा वेगळ्याच ठिकाणी आहे. वरचा थर मऊ प्लास्टिकचा असतो, पण त्याच्या खाली ट्रान्झिस्टरची जाळी ज्यावर काढलेली असते ती बहुतेक यंत्रांत काच असते, तीही अगदी पातळ. पिशवीत डब्याच्या झाकणाने किंवा किल्ल्यांच्या जुडग्याने दाब आला की आतली काच तडकते आणि वरून काहीच दिसत नाही. हात फिरवला तर गुळगुळीत. मात्र स्क्रीनचा एक कोपरा जुन्याच पानावर थिजतो, त्यातून उभ्या-आडव्या रेघा निघतात. दुरुस्ती अशी नसते, पूर्ण पॅनेल बदलावं लागतं, आणि त्याची किंमत नव्या यंत्राच्या जवळ जाते. मऊ रबरी कव्हर यावर उपयोगाचं नाही. पुढच्या बाजूने कडक पुठ्ठा किंवा प्लास्टिक असलेलं, बंद होणारं कव्हर हवं.

आता अक्षरांकडे परत. स्क्रीन ३००ची असली तरी फाइल बरोबर नसेल तर मराठीचे हाल होतात, आणि मराठीत बहुतेक त्रास फाइलचाच असतो. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक. वर्षानुवर्षं आपली पुस्तकं युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवली गेली. त्या फॉन्टांत ‘क’चा आकार रोमन अक्षरांच्या किंवा चिन्हांच्या जागेवर बसवलेला असतो. पीडीएफ डोळ्यांना उत्तम दिसतं. पण त्याचं ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, करायला गेलं की आतला मजकूर रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं यांची खिचडी निघतो, कारण संगणकाच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतीच. अशा फाइलला आधी त्या विशिष्ट फॉन्टाच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावं लागतं आणि मग माणसाने ओळ न् ओळ तपासावी लागते. कन्व्हर्टर सगळ्यात जास्त चुकतात ते ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्या जागेवर, कारण जुन्या फॉन्टात वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते.

युनिकोडमध्ये आलेल्या मजकुरातही तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दातला आडव्या चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये नुक्तेवाल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून येतो. टंकणाऱ्याने साधा र वापरला तर सगळ्या ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर ‘आचार्यांना’ निरोप जातो. दुसरी, ‘ॲ’. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टात त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. तिसरी, ल आणि श. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळे, पण युनिकोडमध्ये त्यांचा क्रमांक एकच. ज्या फॉन्टात दोन्ही वळणं असतात तो फॉन्ट फाइलची भाषा पाहून वळण निवडतो. म्हणून ईपबच्या माहितीत आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीच्या खुणेत भाषा ‘एमआर’ अशी लिहावी लागते. बऱ्याच फाइलींत तिथे हिंदी किंवा चक्क इंग्रजी लिहिलेली असते, आणि मग लोक फॉन्टाला दोष देतात.

हे दुरुस्त करायला कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. कोविद गोयल यांनी ते २००६मध्ये सोनीच्या ई-रीडरसाठी लिहायला घेतलं होतं. त्यात पुस्तक ‘एडिट बुक’मध्ये उघडायचं, भाषा मराठी करायची, मुक्तासारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट पुस्तकातच बसवायचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने तो केला आहे. ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ पट ठेवावं, कारण इंग्रजीसाठी ठरवलेल्या १.२मध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नये. सहा इंची स्क्रीनची रुंदी नऊ सेंटिमीटर, ओळीत मराठीचे पाच-सहाच शब्द मावतात. त्यात ‘विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा’सारखा शब्द खाली गेला की वर राहिलेल्या चार शब्दांत खिंडारं पडतात. डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळं सोडलेलं पान मराठीला जास्त शोभतं, असं माझं ठाम मत आहे.

इतकं सगळं केल्यावर पान कागदासारखं स्थिर होतं. आणि इथेच मला एक गोष्ट सतत टोचत राहते. शाई विजेशिवाय टिकते, पण पान टिकेलच असं नाही.

जुलै २००९मध्ये अमेरिकेत जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही विकत घेतलेली पुस्तकं लोकांच्या किंडलवरून एकाएकी नाहीशी झाली. ज्या कंपनीने ती ॲमेझॉनच्या दुकानात ठेवली होती तिच्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते. ॲमेझॉनने पुस्तकं दुकानातून काढली, पैसे परत केले, आणि यंत्र पुढच्या वेळी नेटवर्कला जोडलं गेलं तसा यंत्रातली प्रतही पुसली. मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी त्यात टिपणं केली होती. टिपणं उरली, पण ती ज्या परिच्छेदांविषयी होती ते परिच्छेद गेले. तो कोर्टात गेला. त्याच महिन्यात जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, सप्टेंबरात कंपनीने पुस्तकं टिपणांसह परत देण्याची किंवा ३० डॉलर देण्याची तयारी दाखवली, पुढे दावाही तडजोडीने मिटला. हक्क नसलेली प्रत विकणं चूकच होतं. पण कागदी पुस्तकाबाबत हीच चूक झाली असती तर दुकानदार कुणाच्या घरात शिरून फडताळातून पुस्तक उचलू शकला नसता.

हे त्या एका प्रसंगापुरतं नाही. ई-इंकची स्क्रीन असलेला पहिला ई-रीडर, सोनीचा लिब्रिए, २००४मध्ये जपानात आला, तेव्हा त्याच्यासाठी मिळणारी पुस्तकं ६० दिवसांनी उघडेनाशी व्हायची. मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान २०१९मध्ये बंद केलं, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकंही जुलैत बंद झाली. पैसे मिळाले, आणि ज्यांनी टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर. २६ फेब्रुवारी २०२५पासून ॲमेझॉनने विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची सोय काढून घेतली. यामागची यंत्रणा साधी आहे. दुकानातून आलेली फाइल बहुतेक वेळा कुलूपबंद असते आणि किल्ली तुमच्या खात्याशी किंवा यंत्राशी बांधलेली असते. फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली तरी किल्लीशिवाय ती उघडत नाही. आपण विकत घेतो तो वाचायचा परवाना, आणि आता अमेरिकेतल्या दुकानात खरेदीच्या बटणाशी तसं लिहिलेलंही असतं.

भारतात कागदी पुस्तकावर बंदी घालायची तर सरकारला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि तीत कारणं द्यावी लागतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं, जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८ आहे. ज्याचा त्या पुस्तकाशी संबंध आहे तो दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि तिथे तीन न्यायाधीशांचं पीठ ऐकतं. ही वाट खडतर आहे, पण वाट आहे. इंटरनेटवरचा मजकूर अडवण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ अ आहे. त्याखालच्या २००९च्या नियमांत तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे, त्यामुळे पान का दिसेनासं झालं हे वाचणाऱ्याला बहुतेक वेळा कळतच नाही.

पालघरचं प्रकरण आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिलं आणि ते लाइक केलं म्हणून दोन तरुणींना अटक झाली. त्या अटकेने देशभर खळबळ उडाली, श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिणं गुन्हा ठरवणारं कलम, रद्द केलं. त्याच निकालात ६९ अ मात्र कायम राहिलं. मला यात एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. अटक दिसते. तिच्या बातम्या होतात, माणसं बोलतात, कुणीतरी कोर्टात जातं. नाहीसं झालेलं पान दिसत नाही, आणि जे दिसतच नाही त्याच्यासाठी भांडायला कोण उभं राहणार?

मराठीला हा धोका जास्त आहे, कारण आपल्याकडे प्रतीच कमी आहेत. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं आली ती २०१६च्या डिसेंबरात. इंग्रजी कादंबरी एका दुकानातून गेली तर दहा ठिकाणी मिळते. तालुक्याच्या गावातल्या प्रकाशकाने काढलेल्या, कागदावर संपलेल्या पुस्तकाची ई-प्रत एकाच ठिकाणी असते. कोकणात चार पावसाळ्यांत बुरशी आणि कसर कागदाचं काय करतात ते सांगायला नको, त्यामुळे कागद आहे म्हणून निश्चिंत राहावं असंही नाही.

म्हणून जिथे कुलूप नसलेलं ईपब मिळतं तिथून घ्यावं, थोडे जास्त पैसे पडले तरी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून साठ वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११च्या पहिल्या दिवसापासून सर्वांचं झालं. हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, केशवसुत, बालकवी तर केव्हाच. मराठी विकिस्रोत या ऑनलाइन मुक्त ग्रंथालयात अशी पुस्तकं स्कॅन लावून पानापानाने टंकली आणि तपासली जातात. एकाने तपासलेलं पान दुसऱ्याने पुन्हा तपासायचं अशी तिथली पद्धत आहे, आणि तयार पुस्तकाचं ईपब थेट उतरवता येतं. ज्याला संध्याकाळचा अर्धा तास देता येईल त्याने तिथे रोज एक पान तपासावं. ‘दऱ्या’, ‘ॲ’, अनुस्वार, सगळं तिथेच पकडलं जातं.

उतरवलेली फाइल तीन ठिकाणी असावी: ई-रीडरमध्ये, घरच्या संगणकावर आणि घराबाहेर कुठेतरी. नावात लेखक, पुस्तक आणि कुठल्या आवृत्तीवरून घेतलं ते वर्ष घालावं. आणि स्वतःच्या टिपणांकडे दुर्लक्ष करू नये. किंडल केबलने संगणकाला जोडलं की ‘डॉक्युमेंट्स’ या फोल्डरमध्ये ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. खुणा केलेलं प्रत्येक वाक्य आणि त्याखाली लिहिलेली टीप तारीखवार तिच्यात उतरलेली असते, देवनागरीसकट. काही पुस्तकांना किती भाग उतरवता येईल याची मर्यादा असते, तिथे फक्त तशी सूचना येते, म्हणून महत्त्वाचं वाक्य टिपेत आपल्या शब्दांतही लिहून ठेवावं. त्या फाइलला कुलूप नसतं. महिन्यातून एकदा ती उतरवून घ्यायला दोन मिनिटं लागतात.